भोंगाशेठचा श्वास आणि काकूंच्या पेशी

काकूंच्या हाताखाली जितके जीव वाढले तितके एखाद्या शहरातही नसतील, पण त्यांतल्या एकालाही नाक-डोळे नव्हते. काकू पेशी वाढवायच्या. वैद्यकीय संशोधनाच्या एका मोठ्या इमारतीत, तळमजल्यावर, एकामागून एक दोन दारं उघडली की एक खोली लागते. तिला सगळे पेशीघर म्हणत. तिथे अंगाच्या उबेइतकी गरम कपाटं होती आणि त्या कपाटांत चपट्या, पारदर्शक बाटल्या आडव्या निजवलेल्या असत. बाटलीत गुलाबी पाणी, आणि पाण्याखाली, तळाला चिकटलेल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाच्या पेशी.

काकू नोकरीला लागल्या त्या या बाटल्या धुवायला. मग कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी दुसरी नोकरी धरली, आणि धुणारे हात हळूहळू भरणारे झाले. आता तर प्रत्येक नव्या मुलीला त्या आधी हात धुवायला शिकवत आणि मग तोंड मिटायला, कारण तोंड उघडलं की थुंकी उडते आणि थुंकी उडली की बाटलीत बुरशी धरते. स्वतः मात्र पेशींशी अखंड बोलत. मी मास्क लावून बोलते, असं त्यांचं म्हणणं. मुलीही मास्क लावूनच असत, पण हे काकूंना सांगणार कोण?

पेशी नाना जातींच्या. काही इतक्या नाजूक की जरा हयगय झाली की मान टाकतात. काकूंचा जीव मात्र फायब्रोवर. खरं नाव फायब्रोब्लास्ट, पण कामाच्या गडबडीत एवढं लांब नाव कोण घेत बसतं! ही पेशी म्हणजे आपल्या शरीरातली विणकरीण. कातडीखाली, फुप्फुसात, जिथे म्हणून शरीराला आपले तुकडे एकमेकांशी धरून ठेवायचे असतात तिथे ती बसलेली असते आणि धागे विणत असते. भाजी चिरताना बोट कापतं आणि काही दिवसांनी जखम भरून येते, ती हिच्यामुळे. सूक्ष्मदर्शकाखाली ती लांबट दिसते, दोन्ही टोकांना निमुळती. आणि बाटली भरत आली की सगळ्याजणी एका दिशेने वळून निजतात, वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या गवतासारख्या. इतकी वर्षं झाली तरी ते दृश्य दिसलं की काकू 'अगं बाई' म्हणायच्याच.

या पेशी वाढाव्यात म्हणून गुलाबी पाण्यात सीरम घालावं लागतं. रक्त साकळू दिलं की जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. पेशीघरात त्याला खुराक म्हणत. खुराक घातला की बाटली पाहता पाहता भरे. काढून घेतला की पेशी बारीक होत, निपचित पडत, एकीच्या दोन होणं थांबे. प्रयोगाच्या आधी त्यांना मुद्दाम असं ठेवावं लागे. त्याला उपास म्हणत, आणि काकूंना तो प्रकार मनापासून नावडे. उपाशी बाटल्यांचं कपाट उघडताना त्या दोन समजुतीचे शब्द बोलल्याशिवाय राहत नसत.

खुराकात असं असतं तरी काय, हे त्यांनी एकदा मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने काकूंपेक्षा लहान आणि चालण्यात दुप्पट वेगवान. "वाढीचे घटक असतात, काकू," एवढं म्हणून त्या मीटिंगला पळाल्या. वाढीचे घटक! काकूंना ते नाव फार आवडलं. वाढ ही गोष्ट त्यांना जन्मात कधी वाईट वाटली नव्हती.

काकूंचे यजमान फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सफरचंदांच्या पेट्यांची थप्पी लागली की हे एका उलट्या खोक्यावर चढत आणि जी बोली सुरू करत ती एका दमात, मध्ये श्वास न घेता, बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या हमालालाही कळेल अशी. म्हणून नाव पडलं भोंगा, आणि वय वाढलं तसं ते भोंगाशेठ झालं. बोली चालू असताना व्यापारी पैज लावत, आता थांबेल, आता थांबेल. भोंगाशेठ थांबत नसत. चेहरा लाल होई, मानेच्या शिरा टरारून फुगत, आणि 'दिली!' म्हणून हातावर हात आपटल्यावरच ते श्वास घेत. घरी मात्र आवाज काकूंचा.

पहिल्यांदा खोकला आला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. कोरडा, चिवट खोकला. बाजारात धूळ असते, पेंढा असतो, खोकला येणारच. मग एक दिवस बोली मध्येच तुटली. भोंगाशेठनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तुटली. व्यापारी हसले, म्हणाले, भोंग्याचं वंगण संपलं. संध्याकाळी घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि काकूंना एवढंच म्हणाले, "अगं, आज हवा पुरली नाही." तो माणूस तक्रार करणाऱ्यातला नव्हता.

छातीच्या डॉक्टरांनी पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. श्वास आत जाताना वाळक्या पानांवरून चालल्यासारखा आवाज येतोय, म्हणाले. मग तपासण्या झाल्या, एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की फुप्फुसात व्रण धरतायत. जखम भरल्यावर कातडीला जसा जाड, ताठ व्रण राहतो, तसा आत, जिथे सगळं मऊ आणि फुगणारं हवं तिथे.

"पण जखम कसली झाली?" काकूंनी विचारलं.

"ते सापडत नाही. पुष्कळदा नाहीच सापडत." डॉक्टरांनी औषधाचा कागद पुढे ओढला. "धरलेला व्रण मला काढता येणार नाही. पण पुढचे व्रण हळू धरावेत म्हणून एक कॅप्सूल आहे. सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. शरीरात वाढीचे जे घटक असतात ना, त्यांचं काम ती अडवते."

वाढीचे घटक हा शब्द आला आणि काकू ताठ बसल्या. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, इतक्या कठीण शब्दांच्या गर्दीत, अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं त्यांना झालं. त्यांनी जाणत्यासारखी मान हलवली. डॉक्टर पुढे म्हणाले की पोट बिघडेल, वजन उतरेल, तसं झालं तर लगेच मला सांगा. पण काकूंचं मन तोवर पेशीघरात पोचलं होतं. वाढ अडवणारं औषध! हे काही त्यांना पटेना.

औषध सुरू झालं आणि डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पोट बिघडलं. भोंगाशेठना जेवणाचा वास नको वाटू लागला, पँट कमरेवर राहीना, गालफडं बसली. खालच्या मजल्यावर राहणारी नणंद रोज वर येऊन भावाकडे बघे आणि काकूंकडे त्याहून जास्त बघे.

"वहिनी, बरं करताय की वाळवताय माझ्या भावाला?"

"औषधच तसं आहे, वन्सं."

"मग जळ्ळं मेलं ते औषध! हाडं मोजून घ्यावीत अशी दशा झालीय त्याची."

नणंदेचं बोलणं काकू एरवी या कानाने ऐकून त्या कानाने सोडत. पण हे आत शिरलं, कारण आतून त्यांनाही तेच वाटत होतं. आणि इथेच काकूंनी ती चूक केली. ती दुसऱ्या कुणाला सुचलीसुद्धा नसती. अडाणी बाई डॉक्टरांवर विश्वास ठेवून मोकळी झाली असती, शिकलेल्या बाईने डॉक्टरांना फोन केला असता. काकू दोन्हींच्या मध्ये होत्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं की वाढीचे घटक काढून घेतले की पेशी बारीक होतात, निपचित पडतात. इकडे नवरा बारीक झाला होता आणि दिवसभर निपचित पडून होता. याहून उघड पुरावा काय हवा? हे औषध आपल्या माणसाला उपास घडवतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

कॅप्सूल रोज काकूच हातावर देत. त्यांनी सकाळची चालू ठेवली आणि संध्याकाळची बंद केली. तिच्या जागी ताकदीची एक कॅप्सूल, तशीच लांबट, जरा गडद रंगाची. पोट सावरलं. भोंगाशेठ चार घास जास्त जेवू लागले. नणंद म्हणाली, आता कसं माणसासारखं दिसतंय ध्यान! काकूंनी उपाशी बाटलीला गुपचूप खुराक घातल्याचं समाधान मनातल्या मनात भोगलं.

पण तोंडावर तजेला आला तरी श्वास काही सुधारेना. आधी चालताना दम लागे, आता आंघोळ करताना लागू लागला. बाजार सुटलाच होता. वाक्य बोलतानाही ते मध्ये थांबू लागले, आणि अर्धं वाक्य हवेत लोंबकळत राहिलं की काकूंना ते पुरं करायचा मोह होई आणि धीर होत नसे.

पुढच्या तपासणीला यंत्रात फुंकून झाल्यावर डॉक्टर कागदाकडे बराच वेळ बघत बसले.

"इतकं उतरायला नको होतं. औषध दोन्ही वेळा घेताय ना?"

काकूंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत भोंगाशेठच म्हणाले, "दोन्ही वेळा. ही स्वतः हातावर देते."

"मग या औषधाचा तुम्हाला उपयोग होत नसावा," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर ते थांबवू. माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

खरं तर काकूंनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्यांना ते कळत होतं, आणि तरी जीभ टाळ्याला चिकटली होती. इतके दिवस आपलं बरोबर आहे असं मानलेल्या माणसाला एका खुर्चीत बसल्या बसल्या चूक कबूल करता येत नाही. शिवाय आपली चूक झालीच आहे, असं तरी कुठे ठरलं होतं? मनाला असल्या पळवाटा बऱ्या सापडतात.

त्याच सुमारास पेशीघरात नवे फायब्रो आले. एका रुग्णाचं निकामी झालेलं फुप्फुस काढून दुसरं बसवलं होतं, आणि त्या काढलेल्या फुप्फुसाचा नखाएवढा तुकडा त्याच्या परवानगीने मॅडमकडे आला होता. व्रणांनी भरलेलं फुप्फुस. काकूंनी त्यातल्या पेशी वाढवल्या, आणि मॅडमनी एक प्रयोग मांडला. धाग्यांची एक मऊ, ओली जेली करायची, तिच्यात पेशी मिसळायच्या आणि नाण्याएवढे गोल खड्डे असलेल्या ताटलीत ती ओतायची. जेली थिजली की कडेने सोडवून द्यायची. खड्डाभर पसरलेली गोल चकती पाण्यात तरंगते. ओळी केल्या होत्या. पहिलीत निरोगी फुप्फुसातल्या पेशी, उरलेल्यांत त्या आजारी फुप्फुसातल्या. आणि सगळ्यांना उपास.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कपाट उघडलं आणि ताटली उजेडात धरली. पहिल्या ओळीतल्या चकत्या होत्या तशाच पसरल्या होत्या, उपाशी पेशींनी निजून राहावं तशा. पुढच्या ओळीत चकत्याच दिसेनात. काकूंना वाटलं सांडल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि जवळून पाहिलं. प्रत्येक खड्ड्याच्या मध्यावर एक पांढरं बटण तरंगत होतं. शर्टाच्या बटणाएवढं, घट्ट, टणक. ती खड्डाभर पसरलेली मऊ जेली त्या पेशींनी सगळ्या बाजूंनी ओढून ओढून एवढीशी करून टाकली होती. खुराकाचा थेंबही नसताना.

एरवी एक पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि इथे त्यांच्या कामाची ताकद नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. काकूंनी दारातूनच हाक मारली. "मॅडम, इकडे या. ह्यांना मी काही घातलेलं नाही, शपथेवर सांगते."

मॅडम आल्या, ताटली पाहिली आणि हसल्या. "माहितीये काकू. तेच बघायचं होतं."

"उपाशीपोटी एवढी ताकद येते कुठून?"

मॅडमना त्या दिवशी मीटिंग नव्हती. त्या स्टूल ओढून बसल्या. "उपाशी कुठे आहेत? गुलाबी पाण्यात साखर आहे, क्षार आहेत, पोटाला लागतं ते सगळं आहे. उपासाच्या बाटलीतही असतं."

"मग आपण काढून काय घेतो?"

"हुकूम." मॅडम थांबल्या, सोपं कसं सांगावं याचा विचार करत. "असं बघा. साकळू न देता रक्ताचं पाणी वेगळं केलं आणि ते पेशींना घातलं, तर त्या वाढत नाहीत. साकळलेल्या रक्ताचं घातलं की वाढतात. रक्त तेच. फरक कशाने पडतो?"

काकूंनी ताटली अलगद टेबलावर ठेवली.

"रक्त साकळतं कधी? जखम झाली की. तेव्हा रक्तातले बारीक कण फुटतात आणि वाढीचे घटक सोडतात. तो निरोप असतो. इथे फाटलंय, या, एकीच्या दोन व्हा, विणायला लागा. फायब्रो त्या निरोपाची वाट बघत बसलेल्या असतात. निरोप आला की उठतात, फट बुजवतात, आणि निरोप थांबला की थांबतात. पुष्कळशा तर काम संपलं म्हणून आपणहून मरून जातात."

"म्हणजे इतकी वर्षं मी रोज सकाळी येऊन ह्यांना खोटंच सांगत आले, की कुठेतरी जखम झालीय?"

"हो की!" मॅडम हसत म्हणाल्या. "आणि त्या बिचाऱ्या दर वेळी धावत आल्या."

काकूंना हसू आलं नाही. त्यांना त्या बाटल्या आठवत होत्या, एक भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. नसलेल्या जखमेसाठी इतक्या वर्षांत इतक्या पेशी उठल्या होत्या, एकदाही कंटाळल्या नव्हत्या. शरीरात इतकं इमानी काही असेल आणि आपण त्याला नुसतं भरवतोय असं समजत होतो, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"मग ह्या बटणवाल्यांना निरोप कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"ह्यांना बाहेरून लागत नाही. ह्या स्वतःच निरोप सोडतात आणि स्वतःच ऐकतात. शिवाय धागे ओढून ताण आला की त्या धाग्यांत अडकून पडलेले आणखी घटक सुटतात. मग ह्या आणखी ओढतात. पुन्हा ताण, पुन्हा निरोप."

"थांबत नाहीत?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

"मग ह्या वाईटच म्हणायच्या."

"वाईट कशा, काकू? तुमचं बोट भरून आणतात त्याच आहेत. त्यांना वाटतं जखम अजून उघडी आहे. त्यांचं काम त्या जिवापाड करतायत. फक्त ते फुप्फुस आहे, त्याला सैल राहायला हवं."

अति तिथे माती, असं काकू एरवी म्हणाल्या असत्या. आज त्या ताटलीकडे बघत होत्या. शेवटच्या ओळीतल्या चकत्या वेगळ्या होत्या. पेशी त्याच आजारी फुप्फुसातल्या, पण चकत्या आवळून बटण झाल्या नव्हत्या. कडेने थोड्या आत आल्या होत्या, बाकी मोकळ्या, पसरलेल्या.

"आणि ह्या?"

"त्यांत औषध घातलंय. पेशीचे कान असतात म्हणा ना, जिथे निरोप पोचतो. ते कान औषध बुजवतं. सगळे नाही बुजत. बघा, थोडी ओढ लागलीच आहे. पण कमी."

औषधाची कुपी बाजूलाच होती. काकूंनी ती उचलून नाव वाचलं. जिभेला गाठ बसावी असं नाव. पण त्यांना ते पाठ होतं, कारण रोज सकाळी त्या पाकिटातून तेच औषध भोंगाशेठच्या हातावर ठेवत, आणि रोज संध्याकाळी ठेवत नसत.

त्यांनी कुपी होती तिथे ठेवली. हातमोजे काढले. एकदा मोकळी चकती पाहिली, एकदा बटण पाहिलं. "मॅडम, मी आज घरी जाते," एवढंच म्हणाल्या. मॅडमनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कारण विचारलं नाही.

भोंगाशेठ खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. काकू समोर उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. संध्याकाळची कॅप्सूल मी बंद केली. तिच्या जागी देत होते ती ताकदीची होती. मला वाटलं औषध तुम्हाला वाळवतंय. मी चुकले. तुमच्या छातीत व्रण वाढले ते माझ्यामुळे वाढले. बोलता बोलता त्यांचा स्वर चिरकला आणि त्या खाली बसल्या.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सफरचंदाच्या रंगावरून... बाग ओळखणारा माणूस मी. गोळीचा रंग... कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? डॉक्टरांसमोर खोटं का बोललात?"

त्यांनी श्वास गोळा केला. काकूंना तो गोळा होताना दिसत होता, खांदे वर उचलून, जेमतेम. "बाजारात सगळ्यांना सांगायचो... आमच्या घरातच डॉक्टर आहे. म्हटलं... हिचं कामच ते. हिने बंद केली... म्हणजे हिला काहीतरी कळलं असेल."

काकू त्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याने आपल्यावर इतका भरवसा टाकावा आणि तोच त्याच्या छातीवर बसावा, हे दुःख कुणावर ओरडून हलकं होणारं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. भोंगाशेठनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता काय कळलं... ते तरी सांग."

मग काकूंनी सांगितलं. साकळलेल्या रक्ताचा निरोप सांगितला, बटण सांगितलं, ताणातून सुटणारे घटक सांगितले, कान बुजवणारं औषध सांगितलं. हातवारे करून सांगितलं. भोंगाशेठ लहान मुलासारखे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी आपला तळहात छातीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

"काय पण कामसू आहेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डॉक्टरांना खरं सांगितलं. डॉक्टर रागावले, आणि रागावायलाच हवं होतं. "पोटाचं मला सांगितलं असतं तर मी पोटाला औषध दिलं असतं. गरज पडली असती तर काही दिवस प्रमाणही मीच कमी केलं असतं. ते ठरवायला मी आहे ना?" काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "गेलेलं परत येईल?" डॉक्टर म्हणाले, नाही. एवढ्या स्पष्ट शब्दाबद्दल काकूंनी त्यांचे मनातून आभार मानले.

दोन्ही कॅप्सूल सुरू झाल्या. पोटाचं औषध आलं, तरी पोट अधूनमधून बिघडेच. नणंद वर आली आणि काही बोलणार तोच भोंगाशेठ म्हणाले, "ताई, हिला काही बोलायचं नाही." नणंद उखडली, दोन दिवस वर आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मऊ भात घेऊन आली. भोंगाशेठ वाळले. वाळलेलेच राहिले. काकू ते बघत आणि हात आवरत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. मागचा कागद काढून शेजारी धरला.

"काही फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळी होतं तिथेच आहे."

पुढचा नंबर असलेल्या, दाराशी खुर्चीवर वाट बघत बसलेल्या बाईंना ते ऐकून वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी काकूंकडे सहानुभूतीने पाहिलं. आणि काकूंचे डोळे वाहत होते, हसत होत्या की रडत होत्या त्यांनाच सांगता आलं नसतं. वाढलं नाही. काहीही वाढलं नाही. या एका गोष्टीसाठी त्या इतकी रात्रंदिवस प्रार्थना करतील असं त्यांना कुणी पूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

घरी आल्यावर जिना चढायचा होता. भोंगाशेठ कठडा धरून चढू लागले, काकू मागे, हात पुढे धरून. दुसऱ्या वळणावर, जिथे भिंतीत जाळीची खिडकी आहे, तिथे ते थांबले. दम लागला होता. काकू थबकल्या. मागच्या तपासणीच्या, त्या वाईट बातमीच्या दिवशीही ते याच वळणावर थांबले होते, याच खिडकीपाशी. एक पायरी खालीसुद्धा नाही.

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली, कातडीखाली, बरगड्यांच्या आत त्यांच्या त्या विणकरणी बसल्या होत्या आणि नसलेली जखम भरत होत्या. हाताखाली पाठ फुगत होती आणि बसत होती, फुगत होती आणि बसत होती. काकूंनी श्वास रोखून ते अनुभवलं. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी याच्याएवढं थोर काही पाहिलं नव्हतं.

"चढायचं का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"थांब गं... घाई काय आहे?" भोंगाशेठ म्हणाले.

काकू तिथेच पायरीवर टेकल्या आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. "काही घाई नाही," त्या म्हणाल्या.